दोन वर्गखोल्या आणि एक मुदतवाढ : सरकारी कामाचा पहिला अनुभव

टेंडर कसं भरायचं हे सांगणारे पन्नास लोक भेटतात. कागद कोणते लावायचे, डिजिटल सिग्नेचर कुठून काढायची, किती टक्के खाली जायचं, सगळ्यांना सगळं माहीत असतं. पण वर्क ऑर्डर हातात पडल्यापासून शेवटचं बिल निघेपर्यंत तुमच्या कामाची प्रगती कोण मोजतं, कशावरून मोजतं, आणि उशीर झाला तर तो कोणाच्या नावावर लिहितात, हे विचारायला गेलं की लोक म्हणतात "होऊन जातं सगळं". माझं काम मार्च २०२५ मध्ये पूर्ण झालं, शेवटचे पैसे सप्टेंबरात आले, आता निवांत बसून लिहितेय. सरकारी कामांसाठी नव्याने सुशिक्षित बेरोजगार अभियंता म्हणून नोंदणी केलेल्यांना थोडा तरी उपयोग होईल.

मी अमळनेरची, इंजिनिअरिंग धुळ्याला. काम जिल्हा परिषद शाळेच्या दोन वर्गखोल्या आणि पुढे व्हरांडा, गाव सातपुड्याच्या पायथ्याला. जिल्हा कोणता ते नका विचारू, खानदेशात आहे एवढं पुरे. खात्यातले लोक वाईट नव्हते, एकदोघं तर फार चांगले होते, पण पुढे जे लिहिणार आहे त्यात कोणाचं नाव नको.

टेंडर निघालं जानेवारी २०२४ मध्ये. अंदाजपत्रक २३ लाख ८० हजारांचं, म्हणजे दहा लाखांच्या वरचं, म्हणून राज्याच्या महाटेंडर्स पोर्टलवर ई-निविदा. टेंडर भरताना ठेवायची बयाणा रक्कम एक टक्का, २३,८०० रुपये. बी-१ फॉर्म, म्हणजे टक्केवारीचं टेंडर, सगळ्या आयटमचे दर खात्याने ठरवलेले आणि आपण फक्त किती टक्के कमी किंवा जास्त ते टाकायचं. मी ५.४ टक्के कमी टाकले. जास्त खाली जायचा मोह होता, पण जितकं खाली जाल तितकी जादा अनामत भरावी लागते, दहा टक्क्यांच्या खाली गेलं की ती भराभर वाढते, आणि ते पैसे काम संपेपर्यंत अडकून राहतात. शिवाय रेतीचा भाव दर महिन्याला वेगळा. घरी बसून आकडेमोड करताना नफा दिसतो, साइटवर तोच नफा डिझेल पंपात जातो.

टेंडरची ती जाडजूड पीडीएफ कोणी वाचत नाही. मी वाचली, कारण माझे मामा, आम्ही त्यांना नाना म्हणतो, शाखा अभियंता म्हणून रिटायर झालेत, त्यांनी समोर बसवून वाचायला लावली. बी-१ मधलं कलम २ त्यांनी मला पेनाने खुणा करून दिलं. त्यात लिहिलेलं असतं की मुदत एक महिन्यापेक्षा जास्त असेल तर पाव वेळात पाव काम, अर्ध्या वेळात अर्धं, पाऊण वेळात पाऊण काम झालं पाहिजे, आणि मागे पडलात तर दर दिवसाला अंदाजपत्रकाच्या एक टक्क्यापर्यंत भरपाई, जास्तीत जास्त दहा टक्के. प्रत्यक्षात कोणी एक टक्का लावत नाही, बहुतेक वेळा नाममात्र काहीतरी लावतात, पण लावू शकतात हे खरं, आणि दहा टक्के म्हणजे माझ्या कामात २ लाख ३८ हजार. माझा अख्खा नफासुद्धा तेवढा नव्हता.

कलम ६ मुदतवाढीचं. काम अडलं तर अडल्यापासून ३० दिवसांच्या आत, आणि मुदत संपायच्या आधी, यातलं जे आधी येईल तोवर कार्यकारी अभियंत्याकडे लेखी अर्ज. लेखी हा शब्द नानांनी दोनदा अधोरेखित केला होता.

वर्क ऑर्डर मिळाली १२ मार्च २०२४ ला. १६ मार्चला लोकसभेची आचारसंहिता लागली, त्याच्या आधीच्या त्या आठवड्यात सगळीकडे आदेशांची नुसती घाई चालली होती. आचारसंहितेत नवीन काम सुरू करता येत नाही म्हणून सगळे आधीच कागदोपत्री सुरू करून ठेवतात. मुदत नऊ महिने, पावसाळा धरून. म्हणजे ११ डिसेंबर २०२४. "पावसाळा धरून" हे तीन वेळा वाचा, कारण नंतर पाऊस झाला म्हणून दिवस मागता येत नाहीत.

आता गंमत बघा. वर्क ऑर्डर आली पण जागा नव्हती. जिथे नवीन खोल्या बांधायच्या तिथे जुन्या पडक्या दोन खोल्या उभ्या. त्या पाडायला निर्लेखनाची मंजुरी लागते, म्हणजे इमारत वापरायोग्य नाही असा तांत्रिक दाखला, मग प्रस्ताव, मग वरची मंजुरी, मग पत्रे-लाकडाचा लिलाव. प्रस्ताव गेलेला होता, मंजुरी यायची होती. त्यात शाळेच्या परीक्षा. हेडमास्तर म्हणाले मॅडम एप्रिलपर्यंत तरी हात लावू नका, आणि त्यांचंही बरोबर होतं, एक खोली अजून वापरात होती.

मी शाखा अभियंत्यांना फोन केला, ते म्हणाले होईल, काळजी करू नका, आम्ही आहोत ना. मी नानांना तसं सांगितलं तर ते एकदम अहिराणीवर आले. "फोनवरलं बोलनं कोनी फाईलमा लावत नही माय. पत्र दे, पोच ले."

मग २ एप्रिलला पहिलं पत्र दिलं. चार ओळींचं. कार्यादेश अमुक तारखेचा, जागा आजपर्यंत मोकळी करून मिळालेली नाही, त्यामुळे लाइन आउट (पायाची आखणी) देता आलेलं नाही, कृपया जागा ताब्यात द्यावी आणि हा कालावधी मुदतवाढीसाठी ग्राह्य धरावा. एवढंच. आवक टेबलवर देऊन दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख, आवक नंबर. पत्रात रडगाणं लिहायचं नाही, कोणावर आरोप करायचा नाही, "आपल्या कार्यालयाच्या दिरंगाईमुळे" असलं काही लिहिलं की समोरचा माणूस स्वतःला वाचवायला लागतो आणि मग तुमची फाईल हलत नाही. तारीख आणि वस्तुस्थिती, बस. तसंच दुसरं पत्र मेमध्ये.

त्याच वेळी एक रजिस्टर सुरू केलं. अडथळा नोंदवही, साइटवर सगळे हिंडरन्स रजिस्टर म्हणतात. रकाने असे: अडथळ्याचं कारण, सुरू झाल्याची तारीख, संपल्याची तारीख, कोणत्या कामावर परिणाम, आणि दोघांच्या सह्या, ठेकेदाराची आणि शाखा अभियंत्याची. मोठ्या कामांवर हे असतंच, लहान कामांवर कोणी ठेवत नाही. शाखा अभियंते पहिल्यांदा सही करायला कचरले. मी म्हटलं सर यात तुमचा दोष कुठेच लिहिलेला नाही, फक्त जागा कधी मिळाली ते आहे. त्यांनी वाचलं आणि केली सही. माझ्या मते पूर्ण कामात ही एकच वही अशी होती जिच्यात माझा उशीर आणि खात्याचा उशीर एकाच पानावर होता. बाकी सगळे रिपोर्ट, सगळे फोटो, सगळ्या नोटिसा ठेकेदाराची प्रगती मोजतात. निर्लेखनाच्या फाईलची प्रगती मोजणारा रकाना कुठल्याच फॉर्मवर नाही.

जागा मिळाली २७ मेला. ४४ च्या उन्हात लाइन आउट दिलं, सकाळी सातला सुरू करून साडेदहाला आवरलं. मुदतीचा पाव भाग एव्हाना संपला होता आणि कलम २ प्रमाणे माझं पाव काम व्हायला हवं होतं. काम होतं चुन्याच्या रेघा.

पाया खोदायला लागलो आणि काळी माती संपेचना. अंदाजपत्रकात पायाची खोली दीड मीटर धरलेली, मुरूम लागला जवळजवळ अडीच मीटरवर. तापीकाठच्या या पट्ट्यात काळ्या मातीचं हे नेहमीचंच, उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा आणि पावसाळ्यात फुगते. तिच्यात पाया ठेवला तर दुसऱ्या वर्षी भिंतीला तिरपी भेग. मिस्त्री म्हणाला, ताई खोदून टाकू ना, नंतर दाखवू. नाही खोदलं. कारण मूळ परिमाणापेक्षा २५ टक्क्यांच्या वर काम गेलं की ते कलम ३८ मध्ये जातं, त्याचा दर वेगळ्या पद्धतीने निघतो, आणि लेखी मान्यतेआधी केलेलं जादा काम म्हणजे तुम्ही सरकारला दिलेली भेट. १४ जूनला पत्र दिलं, सोबत खड्ड्याचे फोटो, खड्ड्यात पट्टी उभी धरून, लोकेशन आणि तारखेसकट. उपअभियंता येऊन पाहून गेले. सुधारित ड्रॉइंग आणि मान्यता आली ८ जुलैला. मधल्या काळात पाऊस सुरू, खड्डे भरले, रोज पंप लावून पाणी काढायचं. पंपाचे आणि डिझेलचे पैसे कोणत्याच आयटममध्ये नाहीत, ते आपले.

आणि या सगळ्यात ३ जुलैला मला नोटीस. "कामाची प्रगती समाधानकारक नाही, कलम २ अन्वये कारवाई का करण्यात येऊ नये, सात दिवसांत खुलासा करावा." खरं सांगते, पोटात गोळा आला. त्याच कार्यालयात माझं पायाचं पत्र मान्यतेची वाट बघत पडलेलं आणि त्याच कार्यालयातून ही नोटीस. नंतर कळलं की महिन्याच्या आढावा बैठकीत ज्या कामांचे आकडे मागे दिसतात त्या सगळ्यांना एकाच मजकुराची नोटीस जाते. तुमच्यावर राग नसतो. पण उत्तर दिलं नाही तर ती फाईलमध्ये तशीच राहते आणि शेवटी तीच बोलते.

मी उत्तर एका पानात दिलं. वर संदर्भ म्हणून माझी सगळी पत्रं आवक नंबरसकट, खाली तारखांचा तक्ता, आणि शेवटी नवीन बार चार्ट, कोणत्या महिन्यात काय होईल तो. बार चार्ट मात्र खरा द्या. साहेबांना बरं वाटावं म्हणून ऑगस्टमध्ये स्लॅब दाखवला की ऑगस्टमध्ये दुसरी नोटीस ठरलेली. मी स्लॅब ऑक्टोबरअखेर दाखवला आणि तेव्हाच झाला.

रेतीचं थोडक्यात. १० जून ते ३० सप्टेंबर नदीतून रेती काढायला बंदी, त्यामुळे पावसाळ्यात साठ्याची रेती सोन्याच्या भावात, आणि कागद नसलेली रेती दारात येऊन विचारते. घेऊ नका. गौण खनिजाची रॉयल्टी माझ्या कामावेळी ब्रासला (१०० घनफुटांना) ६०० रुपये होती, पावत्या बिलाला लावल्या नाहीत तर बिलातून कापतात, शिवाय महसूलवाल्यांनी डंपर पकडला तर तो वेगळा ताप. मी क्रश सँड, म्हणजे दगड दळून केलेली रेती, वापरली, त्यासाठी लॅबकडून मिक्स डिझाइन, म्हणजे काँक्रीटमधलं सिमेंट-रेती-खडीचं प्रमाण, करून घेतलं, ते मी एप्रिलमध्येच जागा नसताना करून ठेवलं होतं. हे एक नक्की करा. रिकामा वेळ असेल तेव्हा लॅबची कामं उरकून घ्यायची, कारण २८ दिवसांचा रिझल्ट कोणाच्या ओळखीने १५ दिवसांत येत नाही.

क्यूबचा, म्हणजे ताकद तपासायला भरतात त्या काँक्रीटच्या ठोकळ्यांचा, एक किस्सा. कॉलमच्या काँक्रीटचा सात दिवसांचा रिझल्ट आला १२.१. काँक्रीट एम २०, म्हणजे २८ दिवसांना दर चौरस मिलिमीटरला २० न्यूटन ताकद पाहिजे, आणि सात दिवसांना साधारण दोन तृतीयांश धरतात, म्हणजे तेराच्या आसपास. नेमकी त्याच आठवड्यात तपासणी आली, न सांगता. त्यांनी क्यूब रजिस्टर उघडलं, बोट त्या आकड्यावर, आणि तोंडी सांगितलं पुढचं काम थांबवा. मी म्हटलं सर, पीपीसी (राख मिसळलेलं) सिमेंट आहे, सुरुवातीला हळू ताकद घेतं, २८ दिवस बघू, तोवर प्लिंथ (जोतं) भरणी आणि वीटकाम चालू ठेवते, वरचं काँक्रीट नाही करत. आणि आपलं जे काही म्हणणं आहे ते कृपया साइट ऑर्डर बुकमध्ये लिहा. लिहिताना त्यांनी "थांबवा" नाही लिहिलं, "२८ दिवसांच्या निकालानंतर पुढील काँक्रीट करावे" असं लिहिलं. फरक बराच आहे. रिझल्ट आला २४.१. तोंडी आदेश लेखी मागितला की बऱ्याचदा तो आपोआप मवाळ होतो, हे मी नंतरही पाहिलं. मागताना आवाज मात्र खाली ठेवायचा.

तपासणीवाले काय बघतात ते सांगते. सिमेंट रजिस्टर, किती गोण्या आल्या, किती वापरल्या, शिल्लक जुळते का. स्टीलचं टेस्ट सर्टिफिकेट आणि सळईवरचा मार्क जुळतो का. स्लंप कोन, म्हणजे काँक्रीट किती पातळ ते बघायचं भांडं, साइटवर आहे का. क्यूबवर तारीख कोरलेली आहे का. मग हातोडीने इकडेतिकडे ठोकतात. त्रयस्थ तांत्रिक परीक्षणाला एका अभियांत्रिकी महाविद्यालयाचे प्राध्यापक आले होते, त्यांनी रिबाउंड हॅमर (काँक्रीटची ताकद अंदाजायचं यंत्र) लावला आणि मला क्यूरिंगबद्दल (काँक्रीट ओलं ठेवण्याबद्दल) इतके प्रश्न विचारले की पुन्हा व्हायव्हा देतेय असं वाटलं. पहिला प्रश्न मात्र सगळ्यांचा एकच, "ठेकेदार कुठे आहेत?" मी समोर उभी. मग "नाही म्हणजे, साहेब?" साहेब घरी पोराला सांभाळतायत म्हटलं.

मजुरांचं वेळापत्रक हे खानदेशातलं खरं वेळापत्रक. ऑक्टोबरमध्ये कापूस वेचणी सुरू झाली की हात मिळत नाहीत, वेचणीचे किलोवर पैसे आणि वर रोज घरी. माझी सेंट्रिंगची टोळी पावरा समाजाची, सातपुड्यातली, माणसं कामाला पक्की, पण दिवाळीला गावी जाणार म्हणजे जाणार. म्हणून स्लॅब दिवाळीच्या आधी बसवला. २३ ऑक्टोबरला सळई तपासून घेतली, लेखी चेक करून, २४ ला गुरुवारी स्लॅब. शनिवारी ठेवू नका, सरकारी कार्यालयं पाच दिवसांची, शाखा अभियंते आले नाहीत तर सगळी टोळी, मिक्सर, लिफ्ट बसून राहते आणि भाडं चालू. साधारण वीस घनमीटर काँक्रीट, काँक्रीटच्या आयएस ४५६ मानकाप्रमाणे १६ ते ३० घनमीटरला तीन नमुने, एका नमुन्याचे तीन क्यूब. मी सात दिवसांसाठी वेगळे भरून घेतले.

टोळी गेली, आता पाणी कोण मारणार. पीपीसीला आपल्याकडच्या कोरड्या हवेत चौदा दिवस ओलं ठेवावं लागतं. स्लॅबवर सिमेंट-रेतीच्या मसाल्याचे बारीक बांध घालून पाणी तुंबवलं आणि शाळेशेजारच्या एका मावशींना रोजाने लावलं. लक्ष्मीपूजनाच्या दिवशीही त्यांनी सकाळी पाणी सोडून मला फोटो पाठवला. खोलीचा स्पॅन, म्हणजे दोन आधारांमधलं अंतर, साडेचार मीटरच्या वर, म्हणून टेकू चौदा दिवसांआधी काढायचे नाहीत. टोळी परत आली तेव्हा नोव्हेंबरचा तिसरा आठवडा, म्हणजे आपोआपच जास्त दिवस राहिले.

१५ ऑक्टोबरला विधानसभेची आचारसंहिता लागलेली होतीच, २० नोव्हेंबरला मतदान. चालू काम थांबत नाही, पण शाखा अभियंते निवडणूक ड्युटीवर, मग मोजमाप पुस्तक, म्हणजे एमबी, लिहिणार कोण. माझं पहिलं बिल प्लिंथपर्यंतचं, ऑगस्टमध्ये मागणी दिली, मोजमापं सप्टेंबरात लिहून झाली, उपअभियंत्यांची तपासणी अडकली, पैसे आले ९ डिसेंबरला. बिल ५ लाख १० हजारांचं, जीएसटी धरून. त्यातून, जीएसटी वगळून उरलेल्या रकमेवर, इन्कम टॅक्स टीडीएस १ टक्का, जीएसटी टीडीएस २ टक्के, कामगार उपकर १ टक्का, सुरक्षा अनामत २ टक्के. विमा मी शासकीय विमा संचालनालयाकडून आधीच काढला होता म्हणून विम्यापोटी कापतात तो एक टक्का वाचला. हातात ४ लाख ८४ हजारांच्या आसपास, आणि त्यातूनच जीएसटी भरायचा, १८ टक्के, सिमेंट-स्टीलवर आधीच भरलेला जीएसटी (इनपुट) वजा जाता. कापलेला जीएसटी टीडीएस पोर्टलवर आपण स्वतः जाऊन स्वीकारला तरच कॅश लेजरला दिसतो, हे सीएने सांगितलं नसतं तर तो तिथेच पडून राहिला असता.

डिसेंबरपर्यंत माझा खिसा पार कोरडा. सोनं तारण ठेवलं. जळगावकडे सोनं घ्यायला अख्खा महाराष्ट्र येतो, आम्ही ते बँकेत ठेवून सिमेंट घेतलं. सासूबाईंनी स्वतःच्या पाटल्या काढून दिल्या आणि म्हणाल्या, हे बिल आलं की आधी या सोडव. (आधी त्याच सोडवल्या.) आपल्याकडे पहिलं काम घेणाऱ्याने हे गृहीत धरावं की कामाच्या किमान निम्म्या रकमेची सोय स्वतःची पाहिजे.

एमबीबद्दल एक. जे झाकलं जाणार आहे, म्हणजे पाया, फुटिंग, सळई, त्याचं मोजमाप झाकायच्या आधी दोघांनी मिळून करायचं आणि त्याच दिवशी लिहून घ्यायचं. नंतर अडीच मीटरचा पाया मातीखाली कोणाला दिसत नाही, ड्रॉइंगमधला दीड मीटर मात्र सगळ्यांना दिसतो. आणि मोजमापं मान्य म्हणून सही करण्याआधी पान वाचा, साहेब घाईत असले तरी.

मुदतवाढीचा एकत्रित अर्ज २ डिसेंबरला दिला, ११ तारखेच्या आधी. सोबत हिंडरन्स रजिस्टरच्या सह्यांच्या पानांच्या प्रती, सगळ्या पत्रांच्या पोच, नोटीस आणि तिचं उत्तर, सुधारित ड्रॉइंगचं पत्र, आणि उरलेल्या कामाचा बार चार्ट. मी १५ एप्रिलपर्यंत मागितली. कारणं पाच: जागा, पाया, मजूर, पाऊस, निवडणूक. फाईल शाखा अभियंता, उपअभियंता, मग विभागात, तिथे लेखा शाखा, मग कार्यकारी अभियंता. महिनाभर कोणत्या टेबलवर आहे तेच कळेना. मी दर मंगळवारी चौकशी करायचे. क्लार्क भाऊसाहेबांनी एकदा रजिस्टरची पानं हातात घेऊन विचारलं, हे खरंच रोज लिहिलंय की आता बसून लिहिलंय? मी पेनाचे चार वेगळे रंग आणि चहाचे डाग दाखवले. हसले आणि टिपणी लिहायला घेतली.

आदेश आला २० जानेवारीला. जागेचा कालावधी मान्य, १२ मार्च ते २७ मे. पायाचा मान्य, १४ जून ते ८ जुलै. बाकी तिन्ही नामंजूर. पाऊस नाही, कारण मुदत पावसाळा धरून. मजूर नाही, कारण मजूर आणणं ठेकेदाराचं काम. निवडणूक नाही, कारण तिने बिल अडवलं, बांधकाम नाही. बसून विचार केला तर मला हे बरोबरच वाटलं, मीसुद्धा तिथे बसले असते तर असंच केलं असतं. मुदत २१ मार्च २०२५, विना दंड. त्यानंतर प्रत्येक दिवसाला दंड, असं स्पष्ट लिहिलेलं.

म्हणजे प्लास्टर, फरशी, दारं-खिडक्या, लाइट फिटिंग, रंग, सगळं दोन महिन्यांत. आणि कॅलेंडरवर २१ मार्च दिसत असला तरी माझ्यासाठी शेवटची तारीख मार्चचा पहिला आठवडा, कारण होळी १३ ला आणि होळीआधीच्या आठवड्यात भोंगऱ्या बाजार, म्हणजे आदिवासींचा उत्सवी बाजार. भोंगऱ्याला पावरा-बारेला टोळी साइटवर राहील असं समजणाऱ्याने सातपुड्यात काम घेऊ नये. टोळीच्या मुकादमदादांना जानेवारीतच विचारून घेतलं, ते म्हणाले ताई आम्ही पाच तारखेला जाणार, तुम्ही सामान वेळेवर द्या, आम्ही उरकून देतो. मग माझं काम एकच, सामान खोळंबू द्यायचं नाही. फरशी जळगावहून, दरवाजे धुळ्याहून, दोन्ही आठवडाभर आधी आणून शाळेच्या कोठीत ठेवले. ४ मार्चला शेवटचा रंगाचा हात. टोळी ठरल्याप्रमाणे गेली.

पूर्णत्वाचं पत्र मी ६ तारखेला दिलं, पाहणी झाली, किरकोळ यादी निघाली, खिडकीची एक काच, एक बोर्ड तिरका, व्हरांड्याचा उतार पाणी ओतून बघितला. १२ मार्चला अंतिम मोजमापं. ताबा हेडमास्तरांकडे, ताबा पावतीवर सरपंचांचीही सही घेतली. मार्च एंडला निधी आला तेव्हा अंतिम बिलाचे साठेक टक्के निघाले, उरलेले सप्टेंबरात. त्या सहा महिन्यांत करण्यासारखं काही नसतं, पत्र देत राहायचं आणि दुसरं काम बघायचं.

जुलैमध्ये हेडमास्तरांचा फोन, पॅरापेटच्या (गच्चीच्या कठड्याच्या) सांध्याजवळ ओल दिसतेय. दोषदायित्व कालावधी २४ महिन्यांचा, म्हणजे मार्च २०२७ पर्यंत असल्या दुरुस्त्या माझ्याच. तिसऱ्या दिवशी मिस्त्री पाठवला, वॉटरप्रूफिंगचा पट्टा पुन्हा केला, ४,२०० रुपये खर्च. आणि दुरुस्ती केल्याचं पत्र फोटोसकट कार्यालयात, पोच घेऊन, कारण सुरक्षा अनामत परत मागताना तक्रार होती पण दुरुस्ती झाल्याचा कागद नाही असं व्हायला नको.

शेवटचा कागद मागून घ्यायचा तो काम पूर्णत्वाचा अनुभव दाखला. न मागता मिळत नाही. त्यात कामाची रक्कम, सुरू आणि पूर्ण झाल्याच्या तारखा, दर्जा, आणि मुदतवाढ दंडासह की विना दंड, असे रकाने माझ्या दाखल्यात आहेत, आणि पुढच्या टेंडरला तुमची कामगिरी म्हणून हेच एक पान बघितलं जातं. पहिल्या मसुद्यात माझ्या मुदतवाढीसमोर नुसतं "होय" टाइप झालं होतं. २० जानेवारीच्या आदेशाची प्रत दाखवून तिथे "विना दंड" लिहून घेतलं, मगच दाखला बॅगेत टाकला. तो लावून नोव्हेंबरात अंगणवाडीचं एक टेंडर भरलंय, यावेळी जागा आधी बघून आले, मोकळी आहे.